तीन कार्बोरेटर, एक इंजिन

आय. सी. इंजिन्सच्या पेपरला कार्बोरेटरची आकृती आपण सगळ्यांनीच काढली आहे. एक फ्लोट, एक जेट, एक व्हेंच्युरी, झालं. (मार्क मिळतातच असं नाही, ते सोडा.) पण एकाच इंजिनवर तीन कार्बोरेटर असले तर?

अमेरिकेत पॉन्टिॲकच्या जीटीओ गाडीवर १९६४ ते १९६६ या मॉडेल्समध्ये ही सोय मिळायची. नाव ट्राय-पॉवर. इंजिन ३८९ घनइंच, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर! १९६४ साली एकाच चार-बॅरल कार्बोरेटरवर ते ३२५ हॉर्सपॉवर द्यायचं आणि ट्राय-पॉवरवर ३४८.

माझा मामेभाऊ मिशिगनला असतो. त्याच्याकडे १९६५ ची जीटीओ आहे, पण एका कार्बोरेटरची. दादाने हौसेने जुना ट्राय-पॉवर सेट विकत घेतला. कार्बोरेटर चकाचक, लिंकेज पूर्ण, आणि मॅनिफोल्ड बसेचना! कारण १९६५ ला पॉन्टिॲकने सिलिंडर हेड बदललं. १९६४ पर्यंतचा मॅनिफोल्ड पुढच्या हेडवर बसत नाही. म्हणून घेताना आधी मॅनिफोल्डवरचा ओतीव नंबर बघायचा, चमक नंतर. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत.

दुसरा मॅनिफोल्ड आला तेव्हा मी सुट्टीत तिकडेच होते. गाडी सुरू झाली, पण स्लोला नुसती थरथरत होती. दादा दोन संध्याकाळ मधल्या कार्बोरेटरचे मिक्श्चर स्क्रू पिळत बसला. काही उपयोग नाही.

इथे सिस्टीम समजून घ्यायला हवी. तिन्ही रॉचेस्टरचे दोन-बॅरल कार्बोरेटर एका ओळीत असतात. स्टार्टिंग, स्लो, गावातलं चालवणं हे सगळं मधला करतो. चोकही त्यालाच. पुढचा आणि मागचा एरवी बंद. पाय बराच दाबला की ते उघडतात, काही गाड्यांत व्हॅक्यूमने, काहींत सळीच्या लिंकेजने. म्हणजे स्लोला कडेच्या दोघांचं काम एकच, घट्ट बंद राहणं. ते जरा जरी एअर घ्यायला लागले की मिक्श्चर लीन होतं, आणि शिव्या खातो बिचारा मधला.

मी म्हटलं, "दादा, कडेचे दोन्ही बंद करून बघ ना." पातळ पत्रा कापून, भोकं न पाडता, त्यांच्या खाली गॅस्केटसारखा बसवला. गाडी लगेच शांत! चोर सापडला.

मग दोन्ही उतरवले. थ्रॉटलच्या चकत्या बंद ठेवून उजेडासमोर धरल्या तर कडेने चंद्रकोर दिसत होती. चकत्यांचे स्क्रू सैल करून त्या पुन्हा मधोमध बसवल्या. शाफ्ट हाताने हलत होता, कारण त्याची भोकं झिजलेली. ती रीम करून ब्रॉन्झचे बुश ठोकले. हे काम लेथवाल्याकडूनच करून घ्यावं, आपल्या वर्कशॉपच्या ड्रिलवर नको (का ते फर्स्ट इयरच्या जॉब्जना विचारा). साफ करताना कॉस्टिक सोडा अजिबात नको. वरचे भाग झिंकचे असतात, सोडा ते खातो. आणि नवीन किट घेताना रबराचे भाग इथेनॉल चालणारे आहेत ना, हे विचारायचं, कारण आजच्या पेट्रोलमध्ये ते असतं.

आता गाडी स्लोला एकसारखी चालते. पहिला मॅनिफोल्ड मात्र अजून गॅरेजमध्ये पडून आहे. १९६४ वाला कोणी गिऱ्हाईक भेटलं तर जाईल. मामी त्यावर कुंड्या ठेवायचं म्हणतेय.