गॅसची भट्टी पेटविताना

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच रेवसला लागते, आणि मुंबईच्या धंद्यातील बदलही त्याच वाटेने इकडे येतात. लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतील बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी दिला. रेवस, मांडवा, अलिबाग या पट्ट्यातील जे पाव-खारीवाले, नानवाले व हॉटेलवाले बंधू लाकूड सोडून सिलिंडर जोडण्याच्या विचारात आहेत, किंवा ज्यांनी तो जोडलाही आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. गॅस महाग की स्वस्त, हा हिशेब पुन्हा केव्हातरी करू. आज फक्त भट्टी पेटवायची कशी आणि ज्योत जुळवायची कशी एवढेच पाहू.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. लाकडाच्या भट्टीत आपण आधी सरपण रचतो आणि मग काडी लावतो. पिढ्यान्‌पिढ्या हाताला हीच सवय आहे. गॅसला ही सवय चालत नाही. तेथे काडी आधी आणि गॅस नंतर. कॉक आधी उघडून माणूस काडेपेटी शोधू लागला, की भट्टीच्या पोकळीत गॅस साठू लागतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो, त्यामुळे तो वर निघून न जाता तळाशी बसतो. हवेत त्याचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास झाले की ठिणगीने भडका उडू शकतो. हिशेब करून पाहा. भट्टीची पोकळी पाव घनमीटर धरली तर ५ लिटर गॅस, म्हणजे वजनाने जेमतेम ११ ग्रॅम, एवढ्याने काम होते. तासाला १ किलो गॅस जाळणारा बर्नर एवढा गॅस ४० सेकंदांत सोडतो. काडी ओली निघाली, दुसरी काढली, ती वाऱ्याने विझली, एवढ्यात ४० सेकंद जातात. रेवसच्या खाडीकाठी काडी एका झटक्यात पेटून टिकेल, याची खात्री कोणी द्यावी?

म्हणून क्रम असा ठेवावा. भट्टीचे दार उघडे, सर्व कॉक बंद. वाकून जमिनीलगत वास घ्यावा, कारण गळालेला गॅस तेथे सापडतो. उभ्याने हुंगून उपयोग नाही. वास आला तर काडी नको आणि विजेचे बटणही नको, चालू करायला नको आणि बंद करायलाही नको. वास नसेल तर सिलिंडरची झडप उघडावी. लांब दांड्याचा पलिता पेटवून बर्नरच्या जवळच्या टोकाशी धरावा, तोंड व छाती बाजूला ठेवावी आणि मग कॉक हळूहळू फिरवावा. चार-पाच सेकंदांत ज्योतीने बर्नर धरला नाही तर कॉक बंद करून पलिता बाहेर काढावा व दार सताड उघडे ठेवून पाच मिनिटे थांबावे. ही पाच मिनिटे कोणी थांबत नाही, आणि बहुतेक भाजण्याच्या घटना दुसऱ्या काडीच्या वेळी घडतात. भट्टीत दोन बर्नर असतील तर एकाच्या ज्योतीवरून दुसरा आपोआप पेटेल असे समजू नये. प्रत्येकाला पलिता स्वतंत्र दाखवावा. रमजानमध्ये भट्टी रात्रीच पेटते, पेटविणाऱ्या पोराच्या डोळ्यांवर झोप असते. त्या महिन्यात हे काम एकाच जाणत्या माणसाकडे सोपवावे.

तयार मिळणाऱ्या पत्र्याच्या भट्ट्यांत बहुधा पायलट असतो, म्हणजे सतत जळणारी बारीक ज्योत. तिच्या टोकाशी तांब्याच्या बारीक नळीचा एक खिळा असतो, त्याला थर्मोकपल म्हणतात. तो तापला की किंचित वीज निर्माण होते व तिच्या जोरावर गॅसची झडप उघडी राहते. पायलट विझला की खिळा थंड होतो आणि झडप आपोआप मिटते. म्हणूनच पेटविताना कॉक दाबून अर्धा मिनिट धरावा लागतो. हात सोडताच पायलट विझत असेल तर खिळ्याचे टोक ज्योतीत नीट येत नाही, त्यावर काजळी चढली आहे किंवा त्याचा नट ढिला आहे, असे समजावे. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून कॉक तारेने बांधून ठेवतात. असे करणारा माणूस भट्टीची सर्वांत मोलाची वस्तू काढून टाकतो. थर्मोकपल ही काही महागडी वस्तू नाही, नवे बसवावे.

विटांच्या जुन्या भट्टीला पंख्याचा, म्हणजे ब्लोअरचा बर्नर बसविला असेल तर आधी गॅस बंद ठेवून नुसता पंखा दोन मिनिटे चालवावा. आतला साठलेला गॅस त्याने बाहेर पडतो. मग ज्योत, मग गॅस. आपल्याकडे वीज जाते हे सांगायला नको. पंखा थांबला आणि गॅस चालूच राहिला तर ज्योत पिवळी होऊन काजळी फेकू लागते किंवा विझते, आणि गॅस मात्र भट्टीत येतच राहतो. वीज गेली की गॅस तोडणारा व्हॉल्व्ह बर्नरसोबत आहे का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. वीज परत आल्यावर भट्टी आपोआप सुरू होता कामा नये. ती माणसानेच पेटवावी.

आता ज्योत. बर्नरच्या मागे जेथे गॅस नळीत शिरतो, तेथे हवेची एक चकती असते. ती फिरवून हवा कमी-जास्त करता येते. भट्टी पेटल्यावर लगेच चकतीला हात लावू नये. दहा-पंधरा मिनिटे तापू द्यावी, कारण थंड आणि तापलेल्या भट्टीतली ज्योत सारखी नसते. चकती थोडी मिटवून ज्योतीची टोके पिवळी होऊ द्यावीत, मग हळूहळू उघडत जावे. पिवळेपणा जाऊन ज्योत निळी झाली आणि तिच्या आतला लहान शंकू स्पष्ट दिसू लागला, की थांबावे व स्क्रू आवळावा. त्यापुढे हवा वाढविली तर ज्योत घरघर आवाज करीत बर्नरपासून उचलली जाते व केव्हाही विझते. हवा कमी पडली तर ट्रेच्या बुडाला काजळी धरते, पावाला वास येतो आणि पैशाचा गॅस न जळता जातो. ज्योत नळीत मागे शिरून फट्‌ असा आवाज झाला तर कॉक ताबडतोब बंद करावा. बर्नर थंड झाल्याखेरीज पुन्हा पेटवू नये.

समुद्रकाठचा एक खास घोटाळा येथे सांगितला पाहिजे. रेवसच्या हवेत मीठ आहे, बेकरीच्या हवेत पीठ आहे. दोन्ही ज्योतीत गेले की केशरी ठिणग्या चमकतात. ती हवेच्या कमतरतेची खूण नव्हे. मऊ, लांब, लवलवणारी पिवळी ज्योत वेगळी आणि निळ्या ज्योतीतील केशरी कण वेगळे. कण घालविण्यासाठी चकती उघडत बसलेला माणूस चांगली जुळलेली ज्योत बिघडवितो. हेच मीठ बर्नरची छिद्रे आणि रेग्युलेटरचे स्प्रिंग खाते, म्हणून आतल्या गावापेक्षा येथे साफसफाई जास्त वेळा लागते. छिद्र बारीक तारेने मोकळे करावे, पण जेटमध्ये सुई घालून फिरवू नये. भोक केसभर मोठे झाले तरी सगळा हिशेब चुकतो.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत धक्क्यावरची वर्दळ मंदावते, काही टपऱ्या-खानावळींचे बर्नर तसेच पडून राहतात. त्यांच्या नळीत कोळी जाळे विणतो, कुंभारीण मातीचे घर करते. दिसायला बर्नर स्वच्छ असतो, पण हवेची वाट बुजलेली असते, आणि ऑगस्टमध्ये पहिल्याच दिवशी ज्योत मागे फिरते. पडून राहिलेला बर्नर नळी काढून, ब्रश घालून साफ केल्याखेरीज पेटवू नये.

स्वस्तात जुनी भट्टी मिळते म्हणून ती मुंबईहून आणणाऱ्यांनी जपावे. मुंबईत अनेक ठिकाणी नळाचा गॅस आहे. तो हलका असतो, त्याच्या जेटचे भोक मोठे असते. तीच भट्टी येथे सिलिंडरवर जोडली तर गरजेपेक्षा फार जास्त गॅस सुटतो, ज्योत पिवळी होऊन दाराबाहेर येते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या विषारी वायूला रंग नाही, वासही नाही. जेट बदलल्याखेरीज अशी भट्टी एकदाही पेटवू नये. चकती फिरवून हा दोष जात नाही.

याच वायूमुळे आणखी एक जुनी पद्धत सोडावी लागेल. बेकरीत कामगार भट्टीच्या उबेला झोपतात, आणि खारा वारा नको म्हणून खिडकी लावून घेतात. लाकडाचा धूर निदान डोळे झोंबवून माणसाला उठवतो. हा वायू उठवत नाही. डोके जड होते आणि माणूस झोपेतच राहतो. भट्टी जळत असलेल्या खोलीत कोणी झोपू नये, आणि जमिनीलगत व छताजवळ अशा दोन्ही ठिकाणी हवेची वाट उघडी असावी. पगारी माणसाच्या झोपण्याची सोय करणे हे मालकाचे काम आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

सिलिंडर १९ किलोचा, व्यापारी वापराचाच घ्यावा, घरगुती १४.२ किलोचा धंद्यात वापरणे कायद्याने मना आहे. तो उभा ठेवावा, खड्ड्यात कधीही नाही. मोठा बर्नर एकाच सिलिंडरवर तासन्‌तास चालविला तर सिलिंडर गार पडून बाहेर दव साचते आणि ज्योत मरगळते. अशा वेळी त्यावर गरम पाणी ओतू नये, दोन सिलिंडर जोडून घ्यावेत आणि ज्योत त्यानंतर पुन्हा जुळवावी. सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत. फुगा आला तर गळती आहे. काम संपल्यावर आधी सिलिंडरची झडप बंद करावी, नळीतला उरलेला गॅस जळून ज्योत विझू द्यावी आणि मग कॉक फिरवावा. गळती हाताबाहेर गेली तर माणसे बाहेर काढून मोकळ्या जागेतून १९०६ या क्रमांकावर फोन करावा. हा क्रमांक भट्टीजवळच्या भिंतीवर नव्हे, बाहेरच्या दारावर लिहून ठेवावा.