चामखीळ, रुईचा चीक आणि बिब्बा
(इयत्ता ५ वी ते ८ वीच्या आरोग्यपाठासाठी टिपण)



आपल्या शाळांतील मुलांच्या बोटांवर, गुडघ्यांवर व तळपायांवर चामखिळी वारंवार पाहावयास मिळतात. मूल लाजून हात मागे लपविते, सोबती चिडवितात आणि घरातील वडीलधारी मंडळी बांधावरच्या झाडपाल्याकडे वळतात. हा झाडपाला कितपत उपयोगी व कितपत घातक, हे मुलांना नीट समजावे, हा या पाठाचा उद्देश होय.

कारण. चामखीळ विषाणूमुळे होते. दृष्ट लागल्याने किंवा कोणाच्या शापाने नव्हे. १९०७ साली इटलीतील वैद्य च्युफो यांनी चामखिळीचा अर्क जीवाणू अडविणाऱ्या गाळणीतून गाळून त्वचेत टोचला. तरीही तेथे चामखीळ उगवली. अर्थात तिचे कारण जीवाणूहूनही सूक्ष्म होते. हा विषाणू त्वचेवरील बारीक खरचटीतून आत शिरतो व काही महिन्यांनी चामखीळ दिसू लागते. नखे कुरतडणे, चामखीळ खाजविणे व एकच पंचा अनेकांनी वापरणे यांमुळे ती पसरते. तथापि मुलास वेगळे बसविण्याचे किंवा शाळेतून घरी धाडण्याचे काहीही कारण नाही.

औषधाला यश कसे मिळते? मुलांच्या बहुतेक चामखिळी आपोआप जातात. अमेरिकेत १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या, मुलांच्या दोन वर्षांच्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश चामखिळी उपचाराविना नाहीशा झाल्याचे आढळले. आता समजा, एका गावात सहा मुलांना चामखीळ झाली. एकाने कडुनिंबाचा पाला लावला, दुसऱ्याने हळद, तिसऱ्याने लसूण, चौथ्याने रुईचा चीक, पाचव्याने बिब्बा आणि सहाव्याने काहीच लावले नाही. दोन वर्षांत त्यांतील चौघे बरे झाले, तर ज्याने जे लावले त्यालाच तो श्रेय देईल. म्हणून केवळ ‘गुण आला’ या सांगण्यावरून उपायाची पारख होत नाही. जे दुखणे बहुधा स्वतःहून जाणारे आहे, त्याच्या उपायाविषयी पहिला प्रश्न हा विचारावा की, याने अपाय तर होणार नाही?

अपाय कोणते? कडुनिंबाच्या पाल्याने वा हळदीच्या लेपाने चामखीळ जाते असे सिद्ध झालेले नाही. परंतु त्यांपासून सहसा मोठे नुकसानही होत नाही. ठेचलेला कच्चा लसूण बांधून ठेवल्यास मात्र कातडी भाजून फोड येतात. बिब्ब्याचे तेल त्याहून दाहक असते. धोबी ज्याने कपड्यांवर न पुसणाऱ्या खुणा करीत, तेच हे तेल. ते लागल्यावर काही तासांनी वा दिवसांनी कातडी सुजते, फोड येतात व व्रण कायमचा राहू शकतो.

सर्वांत सावधगिरी बाळगावयाची ती रुईच्या चिकाबाबत. मारुतीला वाहिली जाणारी ही रुई आपल्या जिल्ह्यात पडीक रानात, रस्त्याच्या कडेला सहज आढळते. चीक लागलेले बोट डोळ्यास लागले की बुबुळावरील पारदर्शक पडद्यास इजा होते. फसवी गोष्ट अशी की, पुष्कळदा डोळा फारसा दुखत नाही, केवळ दृष्टी अंधूक होते. म्हणून दवाखान्यात जाण्यास उशीर होतो. आयुर्वेदानेही रुई व बिब्बा यांची गणना उपविषांत केली असून बिब्बा शोधन केल्यावाचून वापरू नये असे सांगितले आहे.

वनस्पती व मात्रा. याचा अर्थ वनस्पती निरुपयोगी असा नव्हे. चामखिळीवर डॉक्टर देतात त्या सॅलिसिलिक आम्लाचे मूळ वाळुंजाच्या कुळातील झाडांच्या सालीत आहे. १८३८ साली पिरिया या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने त्या सालीतील द्रव्यापासून ते मिळविले. आज ते कारखान्यात तयार होते. औषधात त्याचे प्रमाण ठरलेले असते, रुईच्या पानातून किती चीक गळेल हे मात्र कोणीच ठरविलेले नसते. तेही औषध चेहऱ्यावर लावू नये व डॉक्टरांच्या सल्ल्यानेच वापरावे.

शिक्षकांनी करावयाच्या गोष्टी

१. डोळ्यात चीक गेल्यास डोळा चोळू देऊ नये. लगेच स्वच्छ पाण्याच्या धारेने किमान पंधरा मिनिटे धुवावा. दूध, तूप वा मध घालू नये. दुखत नसले तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय रुग्णालयात, म्हणजे घाटीत, ही सोय आहे.

२. बिब्बा लागल्यास ती जागा लगेच साबण व पाण्याने धुवावी. फोड फोडू नयेत. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

३. चामखीळ चेहऱ्यावर असेल, दुखत असेल, रक्त येत असेल किंवा झपाट्याने वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवावी. घोड्याच्या केसाने बांधणे वा ब्लेडने कापणे सर्वथा टाळावे.

४. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीस येईल तेव्हा अशी मुले आवर्जून दाखवावीत.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न. (अ) सहाव्या मुलाने काहीच लावले नाही. या उदाहरणात त्याची आवश्यकता का होती? (आ) आपल्या घरी वापरल्या जाणाऱ्या एका झाडपाल्याचे नाव लिहून, त्याचा गुण खरा की योगायोग, हे कसे पडताळाल ते सांगा. ती वनस्पती तोडून किंवा हाताळून पाहू नका.

पालकसभेत हा विषय मांडताना आजीबाईंच्या बटव्याची चेष्टा करू नये. त्या बटव्यात मायाही असते. ती मान्य करून मगच रुईच्या चिकाचा धोका सांगावा, म्हणजे सांगितलेले ऐकले जाईल.