पाट्याचा कोयता
धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. ट्रकच्या कमानींचे तुटके पाटे तिथं भंगारात किलोवर मिळतात. खानदेशातल्या लोहाराला चांगल्या पोलादासाठी लांब जावं लागत नाही. रावेर-यावलकडे केळीची खोडं तोडायला किंवा साक्रीकडे बांधावरची बाभूळ छाटायला कोयता हवा असेल, तर पातळ पत्र्याचा विकत घेऊ नका, पाट्याचा घडवा.

कमानीतला सगळ्यात वरचा, टोकांना डोळे वळवलेला पाटा सोडून त्याच्या खालचा घ्या, आठ-दहा मिलिमीटर जाडीचा. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा तुकडा कापून टाका. वर्षानुवर्षं हिसके खाल्लेल्या पाट्याला केसाएवढी चीर गेलेली असू शकते. गंज घासून काढा, रॉकेल लावा, थोड्या वेळानं कोरडं पुसा आणि वर खडू फिरवा. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूवर ओलसर रेघ उमटवतं. रेघ दिसली की तो पाटा बाद.

कमानीचं पोलाद बहुधा सिलिकॉन-मँगनीज जातीचं असतं: कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, सिलिकॉन १.५ ते २ टक्के. तरी खात्री करा. बोटभर तुकडा लालभडक करून तेलात विझवा, व्हाइसमध्ये धरा, वर फडकं टाका आणि हातोड्यानं तोडा. तुटलेली बाजू उजेडात पाहा. पोत बारीक, राखाडी असेल तर ताव बरोबर बसला. साखरेसारखे दाणे चमकले तर जास्त तापलं. तुकडा न तुटता वाकलाच, तर एक तर ताव कमी पडला किंवा ते पोलाद कामाचं नाही.

मोठ्या कारखान्यातही हीच परीक्षा होती. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. पोलाद तिथं ओपन हार्थ भट्टीत होई. भंगार, वितळलेलं बीड आणि चुनखडी यांचा एक घाणा उतरायला कित्येक तास लागत. ओपन हार्थवरचे जाणते कारागीर निळ्या काचेतून आत बघत, लांब पळीनं नमुना काढून थिजवत, तोडत आणि तुटलेल्या बाजूवरून कार्बन किती उरला याचा अंदाज बांधत. पुढं पोलादाचे ठोकळे तापवून रोलांमधून काढत, त्यांच्या पट्ट्या होत. कमान करणारे पट्टी वाकवून तेलात विझवत आणि पुन्हा तापवून तिचा ठिसूळपणा घालवत. आपल्याला ते कमानीचं पाणी उतरवून कोयत्याचं पाणी द्यायचं आहे.

पाटा केशरी झाला की घण घाला. पांढुरका होऊन ठिणग्या फेकू लागला तर पोलाद जळलं, तो भाग गेला. लाली मंदावली की पुन्हा भट्टीत; काळवंडलेल्या पाट्यावर ठोकाल तर आत चिरा पडतील. आधी मुठीत शिरणारी शेपटी ओढून घ्या. ती पात्याला मिळते तिथं काटकोन ठेवू नका, गोलाई ठेवा. कोयते तिथंच मोडतात. मग बाक. धारेची बाजू ठोकताना पोलाद पसरतं आणि बाक उघडतो, म्हणून हवा त्याहून जास्त बाक आधीच द्या. धार दीड-दोन मिलिमीटर जाड राहू द्या. शेवटी पुन्हा लाल करून रात्रभर कोरड्या राखेत पुरा; सकाळी कानस नीट चालते.

पाणी द्यायचं काम दिवस मावळल्यावर करा. वैशाखातल्या उन्हात लाल पोलादसुद्धा काळं दिसतं, ताव कळत नाही. सुमारे ७७० अंशांवर लोहचुंबक चिकटेनासा होतो. त्यानंतर रंग आणखी एक छटा उजळू द्या, सगळीकडे सारखा. मग कोमट तेलाच्या खोल डब्यात टोक खाली करून सरळ सोडा. हलवायचं ते धारेच्या दिशेनं. आडवं हलवलं की पातं वाकतं. या पोलादाला पाण्यात बुडवू नका, तडकतं. तेल पेट घेतं, म्हणून लोखंडी झाकण हाताशी हवं. पेटलेल्या तेलावर पाणी कधीच टाकू नका. गार झाल्यावर कानस फिरवा. ती घसरली तर पातं कडक झालं.

आता ते काचेइतकं ठिसूळ आहे. त्याच रात्री एक बाजू घासून चकचकीत करा आणि कोयत्याची पाठ तापलेल्या जाड लोखंडावर टेकवा. पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग पाठीकडून धारेकडे सरकतात. धारेवर जांभळा पोचला, म्हणजे सुमारे २८० अंश, की उचला आणि गार करा. टोकाकडे लक्ष ठेवा, ते पातळ असल्यानं आधी रंगतं. अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला अवजारांची गर्दी होते आणि हाच टप्पा गाळला जातो. तुमच्या कोयत्याचा गाळू देऊ नका. मजुरी जास्त द्या, पण समोर उभं राहून रंग पाहा.

मूठ बाभळीची बसवा, तोंडाशी लोखंडी कडी घाला. धार दगडावर पाणी टाकत लावा. कोरड्या ग्राइंडरखाली धार निळी पडली, तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. तो घासून मागं घ्यावा लागतो.