पूर्वेच्या खिडकीविषयी

मुक्काम नागपूर

चि. बाळ,

भिलाईला स्मृती नगरच्या घरातील पूर्वेच्या खिडकीची कडी बसत नाही म्हणून संक्रांतीपासून तू ती सुतळीने गजांना बांधून ठेवली आहेस, असे परवा शेजारच्या अण्णांच्या तोंडून ऐकल्यापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. वहिनी त्याच खोलीत निजतात आणि मृगाच्या पहिल्या सरींबरोबर त्यांचा दमा उसळतो, हे तुला मी सांगावे काय? मध्यरात्री धाप लागली तर ती सुतळी कोण सोडणार?

ज्या भिलाईत १९५९ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि जिथल्या पोलादावर दादांची व माझी उभी हयात गेली, तिथे आपल्याच घरची बिजागरी गंजावी, ही नामुष्की आहे. गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे बिजागरीच्या खिळ्याभोवतीची फट भरून झडप आवळते, आवळलेली झडप ओढाताणीने उघडू गेले की वरच्या बिजागरीचे स्क्रू लाकडातून सुटतात, झडप झुकते आणि कडी कोयंड्याला चुकते. याला सुतळी हा इलाज नव्हे. जुन्या ब्रशाने धूळ झाड, खिळ्याच्या माथ्यावर रॉकेल (हल्ली मिळते कुठे? न मिळाल्यास यंत्राचे तेलच सही) सोडून रात्रभर मुरू दे, सकाळी झडप बोटभर पुढे, बोटभर मागे हलवीत तांबडा चिखल फडक्याने टीप आणि मग शिवणयंत्राच्या तेलाचे दोनच थेंब घाल. खोबरेल नको, ते माघात थिजते. गोडेतेल चिकटून धूळ धरते. ढिल्या स्क्रूंच्या भोकात लाकडाची चिपाटी बसवून ते आवळ. मात्र झडपेखाली पाचर दिल्याविना एकही स्क्रू काढू नकोस.

वेळ नाही, ही सबब सांगू नकोस, कारण ती मूळची माझी आहे. सेक्टरच्या क्वार्टरमध्ये तुझी आजी अंथरुणाला खिळली असता 'खिडकी जरा उघड रे' म्हणून रोज विनवी, आणि कारखान्यात क्रेनच्या बेअरिंगांना नेमाने वंगण घालणारा मी, 'रविवारी बघू' म्हणून कूस बदलीत असे. असे पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी मी ती खिडकी उघडली, तेव्हा आजीच्या जागी पिठावर दिवा ठेवलेला होता.

फार बोललो, राग मानू नकोस. दादांच्या मागे घराचा भार तू एकटा वाहतोस आणि रात्रपाळीहून आल्यावरही वहिनींचे पाय चेपून मगच निजतोस, हेही अण्णांनीच सांगितले; ते मी आधी लिहायला हवे होते.

सुतळी तेवढी आज सोड, बाकीचे सुटीच्या दिवशी केलेस तरी चालेल. तेलाची कुपी शिवणयंत्राच्या खणात, दादांच्या चष्म्याच्या डबीमागे आहे.

तुझा,
काका