देवाच्या नावाने दिलेली आशा

ज्यांचं ठरलेलं लग्न मोडलंय, ज्यांना कुणी अर्ध्या वाटेत सोडून गेलंय, अशा मंडळीतल्या बहिणींसाठी आणि भावांसाठी हे लिहिते आहे. माझा साखरपुडा झाला होता, उपासनेत लग्नाची सूचनाही वाचली गेली होती आणि मग लग्न मोडलं. का मोडलं, ते इथं मांडत नाही. मला बोलायचंय ते त्यानंतर सांत्वन म्हणून जे दिलं गेलं त्याबद्दल. घरोघरच्या प्रार्थनासभांतून ते अजूनही दिलं जातं.

अशाच एका सभेत बाहेरगावच्या एका प्रचारकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘देवाचा शब्द आला आहे, तो परत येईल. तू फक्त उपास कर आणि शंका घेऊ नकोस,’ असं ते म्हणाले. सगळ्यांनी ‘आमेन’ म्हटलं. त्या दिवसापासून माझं रडणं थांबलं. परत येणाऱ्या माणसासाठी रडायचं कशाला? फोन वाजला की छातीत धडधड व्हायची. चांगलं स्थळ आलं तरी घरचे मला विचारायला धजत नसत. पुढे त्यानं दुसरीकडे लग्न केलं, तेव्हा मला सांगण्यात आलं की माझाच विश्वास कमी पडला. माणूस तर गेलाच होता. आता देवानंही पाठ फिरवली असं वाटू लागलं. ही दुसरी जखम पहिलीपेक्षा खोल होती.

म्हणून कळकळीनं सांगते, दुसऱ्याच्या मनाची हमी कुणी देवाच्या नावानं देत असेल तर ती घेऊ नका. लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र घरी येतो, पण तो शुद्धीवर येऊन स्वतःच्या पायांनी येतो. बाप त्याला ओढून आणत नाही. देव माणसाच्या मनावर जबरदस्ती करत नाही, मग आपल्या उपासानं ती कशी होईल? आणि अशा ‘शब्दा’पाठोपाठ दानाची गोष्ट निघाली, तर तिथून सरळ उठून घरी या.

मला खरा आधार मिळाला तो आमच्या महिला मंडळातल्या एका वयस्क बाईंमुळे. त्या निवृत्त परिचारिका. संध्याकाळी येऊन बसायच्या, भाजी निवडायला मला सोबत घ्यायच्या, ‘जेवलीस का?’ एवढंच विचारायच्या. बऱ्याच दिवसांनी त्यांनी मला राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय वाचायला लावला. एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देव त्याला उपदेश करत नाही, विश्वास कुठं गेला म्हणून विचारत नाही. एलिया झोपतो, दूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो परत झोपतो, दूत त्याला परत खाऊ घालतो. देवाचं बोलणं सुरू होतं ते त्यानंतर, दूरच्या डोंगरावर. हे वाचलं आणि माझ्या थकव्याची लाज वाटेनाशी झाली.

मग स्तोत्रं हाती घेतली. आपण तेविसावं पाठ करतो, मुलांकडून म्हणवून घेतो. पण दीडशे स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं किती आहेत ते एकदा बसून पाहा. तेरावं देवाला ‘किती काळ’ हेच परत परत विचारतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळदेखील नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. मी ते रोज रात्री मोठ्यानं वाचत असे. देवाशी भांडायला देवानंच शब्द दिलेत, हे कळलं तेव्हा कितीतरी दिवसांनी मी पोटभर रडले. माझ्या सांत्वनाची सुरुवात तिथं झाली.

घाई करू नका, हेही सांगायचंय. लक्ष्मीबाई टिळकांचं उदाहरण आपल्याजवळचंच आहे. १८९५ साली त्यांच्या नवऱ्यानं, टिळकांनी, बाप्तिस्मा घेतला आणि दोघांचा संसार मोडला. लक्ष्मीबाईंची ताटातूट झाली ती धर्मामुळेच, हे विसरता येत नाही. त्या टिळकांकडे परतल्या तरी नवऱ्यामागून लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपल्या मनाला पटेपर्यंत थांबल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि दुःख विश्वास कमी पडल्यामुळे येतं, असंही नाही. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाईंइतका विश्वास कुणाचा? तरी दुःख टळलं नाही. विश्वास कमी म्हणून दुःख आलं असं तुम्हाला कुणी म्हणालं, तर रमाबाईंचं नाव त्यांच्यापुढे ठेवा.

सगळ्यात अवघड वेळ रविवार दुपारची. सकाळी उपासनेत माणसं भेटतात आणि घरी आल्यावर घर खायला उठतं. त्या वेळेसाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा. दवाखान्यात कुणाला भेटायला जा, एखाद्या आजीला ‘उपासना संगीता’तली गाणी म्हणून दाखवा, संडे स्कूलच्या मुलांचा धडा तयार करा. हे मन रमवण्यासाठी नव्हे. आपली कुणाला तरी गरज आहे हे शरीराला कळावं लागतं. सोडून गेलेल्या माणसाच्या फेसबुकवर मात्र जाऊ नका.

झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, जगू नये असं वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलते. गोळी घेतली म्हणून विश्वास उणा होत नाही. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या पाळकसाहेबांना आपण कधी तसं म्हणतो का?

पाळकांना आणि मंडळीच्या वडिलांना एक विनंती. लग्न मोडलेल्या मुलीला पुढं उभं करून साक्ष मागू नका. तिच्यासाठी प्रार्थना करायची तर आधी तिची परवानगी घ्या, कारण सार्वजनिक प्रार्थनेतून गावभर बातमी होते. नाताळच्या गाण्यांच्या सरावाला तिला आवर्जून बोलवा, आणि ती नाही म्हणाली तर पुढच्या आठवड्यात परत बोलवा.