चिकित्सा मानसशास्त्र : पदवी निवडण्यापूर्वी

धम्मपदाचा आरंभच मनाच्या विचाराने होतो. तरीही शिक्षण म्हटले की डॉक्टर, अभियंता आणि स्पर्धा परीक्षा एवढ्याच वाटा आपल्या समाजाला दीर्घकाळ दिसत राहिल्या. अलीकडे मात्र आमच्या निवासी विद्यालयातून बाहेर पडलेल्या मुली, आणि काही मुलेही, मानसशास्त्राची पदवी घेऊन ‘आता पुढे काय?’ असे विचारू लागल्या आहेत. प्रश्न आनंदाचा आहे. पण निवड चुकली तर तिची किंमत मोजणाऱ्या घरात बहुधा पदवीच पहिल्यांदा आलेली असते.

मानसशास्त्रात एम.ए. झालेली प्रत्येक व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, ठरत नाही. १९९२ च्या कायद्याने या व्यवसायाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे सोपवली आणि नोंदणीविना व्यवसाय करणे दंडनीय ठरवले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातील व्याख्याही परिषदेच्या मान्यतेवरच उभी आहे. अनेक वर्षे याचा सरळ अर्थ असा होता : आधी एम.ए., नंतर मान्यताप्राप्त संस्थेत दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. या एम.फिल.चा गाभा प्रबंध नव्हता. अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली रुग्णाची हकिकत ऐकणे, चाचण्या घेणे, निदानास हातभार लावणे आणि उपचाराची सत्रे चालवणे, हे त्याचे खरे शिक्षण होते. बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांनी ही परंपरा घडवली. जागा थोड्या आणि प्रवेशपरीक्षा अवघड, अशी मात्र तिची ख्याती होती.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद केले, या विषयापुरती मुदत २०२५-२६ पर्यंत वाढवून दिली. त्याच्या जागी परिषद दोन वर्षांचे एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेट आणत आहे. गोंधळ येथेच होतो. ‘एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी’ ही नावाची पदवी कित्येक विद्यापीठे परिषदेच्या मान्यतेविना पूर्वीपासून देत आली आहेत. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने एका खासगी विद्यापीठातून कर्ज काढून ही पदवी घेतली. गुण उत्तम होते. पहिल्याच रुग्णालयात नोंदणी क्रमांक विचारला गेला, तेव्हा तो आपल्याला कधीच मिळणार नव्हता हे तिला कळले. माहितीपत्रकात खोटे काही छापलेले नव्हते. हवे ते तेवढे छापलेले नव्हते. तिने पुन्हा प्रवेशपरीक्षा दिल्या. दोन वर्षे आणि वडिलांची भविष्य निर्वाह निधीतील रक्कम गेली.

म्हणून पदवीचे नाव वाचून थांबू नये. याच संस्थेला, याच अभ्यासक्रमासाठी, याच वर्षी परिषदेची मान्यता आहे काय, मंजूर जागा किती, आणि प्रत्यक्ष शिक्षण कोणत्या रुग्णालयात होणार, हे लेखी विचारावे. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजावे.

पीएच.डी. की साय.डी., हा वाद मूळचा अमेरिकेतला. १९४९ च्या बोल्डर परिषदेने संशोधक आणि उपचारक एकाच व्यक्तीत असावेत असा आदर्श ठेवला. १९७३ च्या व्हेल परिषदेने केवळ उपचारासाठी घडवणाऱ्या साय.डी.ला मान्यता दिली. इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला येथे एक जोडपे आठवते. बाबासाहेब १९१३ साली ज्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथूनच पुढे केनेथ आणि मेमी क्लार्क या कृष्णवर्णीय दाम्पत्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवल्या. काळ्या व गोऱ्या बाहुल्या मुलांपुढे ठेवून त्यांनी केलेले संशोधन शाळांतील वंशविभाजनाविरुद्धच्या खटल्यात पुराव्यास आले आणि १९५४ चा ऐतिहासिक निकाल लागला. त्याच दोघांनी १९४६ साली हार्लेममध्ये मुलांसाठी उपचारकेंद्रही काढले होते.

आपल्याकडे मानसशास्त्रातील पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती मिळू शकते, ‘बार्टी’ची आहे, केंद्राचीही आहे, त्यामुळे घराला ती आकर्षक वाटते. परंतु केवळ पीएच.डी.ने उपचाराची नोंदणी मिळत नाही. ज्या घराला दुसरे कर्ज पेलणार नाही, तेथे नोंदणी देणारे प्रशिक्षण आधी आणि संशोधन नंतर, असे आमचे स्पष्ट मत आहे. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर परदेशी जाणाऱ्यांनीही तेथील पदवी येथे कशी ग्राह्य धरली जाईल, हे परिषदेला निघण्यापूर्वीच विचारावे.

हा खटाटोप कशासाठी? एम्समधील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी प्रा. सुखदेव थोरात यांच्या समितीने २००७ साली केली आणि भेदभाव नोंदवला. अशा वसतिगृहातला मुलगा झोप उडाली म्हणून समुपदेशकाकडे गेला, तर त्याच्या आजाराचा किती भाग मनातला आणि किती भोजनगृहातल्या वेगळ्या टेबलावरचा, हे ओळखणारे कोणी समोर बसलेले असावे लागते. ‘तू फार मनाला लावून घेतोस’ हे निदान नव्हे. ते ओळखण्यासाठी जातीचा अनुभव उपयोगी पडतो, पण पुरत नाही. आपला माणूस म्हणून अप्रशिक्षित माणसाकडे मुलाला सोपवणे हेही आम्हाला मान्य नाही.

मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. ती बदलत राहते, म्हणून अर्ज भरण्याच्या आठवड्यात पाहावी, मागील वर्षीच्या मैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नये. इंग्रजी अर्जाची अडचण असलेल्या पालकांनी रविवारी दुपारी विद्यालयाच्या ग्रंथालयात यावे. आम्ही तेथे असतो.