आधी कपाट उघडा, मग प्लेअर घ्या

जुना प्लेअर बंद पडला, आता साधा डीव्हीडी प्लेअर घेऊ की ब्लू-रे, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, तुमच्या कपाटात कोणत्या डिस्क आहेत?

मावशीसाठी खरेदी करताना नेमकं हेच विचारायचं राहून गेलं. नवं ते चांगलं, या समजुतीने मी तिला साडेअकरा हजारांचा ब्लू-रे प्लेअर घेऊन दिला. घरी आल्या आल्या तिने आवडत्या नाटकाची व्हीसीडी घातली. ट्रे आत गेला, डिस्क घरघरली आणि पडद्यावर सूचना आली, ही डिस्क वाचता येत नाही. दुसरी घातली, तेच. मावशीकडे चाळीसेक व्हीसीडी, दहा-बारा डीव्हीडी आणि ब्लू-रे एकही नाही. तिचा पडलेला चेहरा अजून आठवतो, म्हणून हे लिहिते आहे.

ब्लू-रे प्लेअरवर डीव्हीडी चालते. व्हीसीडी मात्र चालेलच असं नाही, मॉडेलगणिक फरक पडतो. मराठी घरांत तर व्हीसीडीच जास्त. २००७च्या सुमारास मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा वाणसामानाच्या पिशवीतून सिनेमे घरी येऊ लागले. एका व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणून प्रत्येक नाटकाच्या दोन-तीन डिस्क. तेव्हा खोक्यावर किंवा माहितीपुस्तिकेत ‘व्हीसीडी’ हा शब्द छापलेला दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेत्याच्या ‘सगळं चालतं’वर विसंबू नका.

ब्लू-रेचा फायदा खरा आहे, पण तो ब्लू-रे डिस्क लावली तरच. आपल्याकडच्या डीव्हीडीचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, ब्लू-रेचं १९२० गुणिले १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. व्हीसीडीत तर डीव्हीडीच्या चौथा हिस्साच ठिपके. नवा प्लेअर जुनं चित्र मोठ्या पडद्यावर ताणून जरा गुळगुळीत दाखवतो, पण मुळात नसलेला बारकावा तो कुठून आणणार? पन्नास इंची टीव्ही असेल आणि ब्लू-रे सिनेमे जमवायची खरीच आवड असेल, तर जरूर घ्या. पण सॅमसंग, एलजी अशा कंपन्या या धंद्यातून बाहेर पडत गेल्या आहेत. पुढे दुरुस्तीला माणूस आणि सुटे भाग मिळणं अवघड होईल, हे धरून चला.

खर्चाचा अंदाज असा. एचडीएमआय असलेला नवा डीव्हीडी प्लेअर साधारण अडीच ते साडेचार हजारांत मिळतो. ब्लू-रे दहा हजारांच्या पुढे, आणि फोर-के डिस्क वाचणारा त्याच्या दुप्पट-तिप्पट. जुना प्लेअर चालू आहे, पण नव्या टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची जागाच नाही, एवढीच अडचण असेल तर नवा प्लेअर घेऊच नका. एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर पाचशे-सातशे रुपयांत येतो. घेताना नाव नीट वाचा, एचडीएमआय टू एव्ही हा उलटा असतो आणि तो इथे उपयोगाचा नाही.

जुन्या बाजारात हजाराच्या आत प्लेअर मिळतो. तिथे घरच्या डिस्क घेऊन जा आणि लावून बघा. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणून सिनेमा शेवटाकडे पळवा. लेन्स थकली असेल तर तिथे चित्र अडकतं. ट्रे पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. तो अडखळला तर बहुधा रबरी पट्टा सैल झालेला असतो, ते काम स्वस्त. ‘लेन्स गेली’ म्हणाले तर सरळ दुसरा बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लग्न, मुंज, बारसं, आजीचं सहस्रचंद्रदर्शन यांच्या घरी किंवा स्टुडिओत बर्न केलेल्या डिस्क. छापील सिनेमा पुन्हा मिळू शकतो, या मिळणार नाहीत. त्यांच्यातला रंगाचा थर काळाबरोबर उतरतो आणि एक दिवस डिस्क उघडतच नाही. म्हणून प्लेअरच्या आधी दीड-दोन हजारांचा यूएसबी डीव्हीडी रायटर घ्या किंवा कुणाकडून मागून आणा. डिस्क मधून कडेकडे सरळ रेषेत मऊ कापडाने पुसा, गोल फिरवू नका. लॅपटॉपवर ‘व्हिडिओ टीएस’ नावाचा फोल्डर दिसेल, तो अख्खाच्या अख्खा कॉपी करा. व्हीएलसीवर तो चालतो. बत्तीस जीबीच्या पेन ड्राइव्हवर साध्या सहा डीव्हीडी बसतात. एक प्रत स्वतःजवळ, दुसरी भावंडाकडे ठेवा.

मुलं अमेरिकेत असतील तर इथली डीव्हीडी पाठवण्याऐवजी ही कॉपीच पाठवा. आपल्या डिस्क पाल पद्धतीच्या आणि पाचव्या रीजनच्या, नाहीतर रीजनचं बंधन नसलेल्या. बंधन नसलं तरी तिथले बरेच प्लेअर पाल चित्र दाखवत नाहीत.

मावशीचा ब्लू-रे प्लेअर दुकानदाराने परत घेतला नाही. शेवटी तो शेजारच्या सिनेमावेड्या मुलाने सात हजारांना घेतला. मावशीसाठी नऊशे रुपयांचा जुना डीव्हीडी प्लेअर आणला, दुकानातच तिच्या नाटकाची व्हीसीडी शेवटपर्यंत पळवून बघितली आणि मग पैसे दिले. आता पहिला अंक संपता संपता ती दुसरी डिस्क हातात घेऊन बसते.